माझ्या आडनावातला ळ

माझ्याकडे गाइडचा एक बॅज आहे. सिंगापुरात पाहुण्यांना फिरवायचं तर लायसन्स लागतं, आणि फिरवताना हा बॅज सगळ्यांना दिसेल असा गळ्यात घालावा लागतो. त्यावर माझा फोटो आहे, त्यात मी नुकतीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसते. खाली पूर्ण नाव, इंग्रजीत. मराठी ग्रुप आता माझ्याकडे येत नाहीत. कधी चार जर्मन, कधी एखादं ऑस्ट्रेलियन जोडपं मिळतं, त्यांना मी बागा आणि देवळं दाखवते. ते बॅजवरचं नाव वाचतात, चुकीचं उच्चारतात, सॉरी म्हणतात आणि विसरून जातात. त्यांच्या चुकीचं मला काहीच वाटत नाही. जिचं वाटतं ती चूक आपल्या माणसांनी केली, आणि मी ती करू दिली.

माझ्या सासरच्या आडनावात ळ आहे. इंग्रजीत ळ नाही, ल आणि ळ दोघांना मिळून एकच एल. ळ म्हटला की आम्ही बौद्ध, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याच जागी ल म्हटला की ते आडनाव कोकणातल्या ब्राह्मणांचं होतं. या दोन घराण्यांचा एकमेकांशी कधी संबंध आला नसेल, आणि आला असेल तर तो सांगण्यासारखा नसेल. माझ्या बॅजवर मात्र ती दोन्ही एकाच स्पेलिंगमध्ये नांदतात. वाचणाऱ्याला जे ओळखीचं, ते तो वाचतो.

मी मूळची गाइड नव्हे. वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत आठ वर्षं काम केलं. प्रकल्प संपला, तसा माझा करारही संपला. साहेबाने केक आणला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं प्रवेशाचं कार्ड काढून घेतलं. नवऱ्याची नोकरी जुरोंग ईस्टला चालू होती, कायम राहायचा परवाना, म्हणजे पीआर, मिळालेला होता, हौगांगला आमचा फ्लॅट होता, त्यामुळे चंबूगबाळं आवरून परत जायची वेळ आली नाही. पण चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरी प्रयोगशाळा घेईना. वर्षभर अर्ज करून थकल्यावर मी गाइडचा कोर्स केला.

आमचे शिक्षक सत्तरीचे चिनी गृहस्थ होते, उभी हयात पाहुणे फिरवण्यात गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की त्यांचं खरं नाव पाहुण्यांना म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी एक सोपं इंग्रजी नाव घेतलं. "नेम इज ओन्ली फॉर कॉल यू, व्हॉट," ते इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाले. "मेक इट ईझी फॉर द गेस्ट, लाह." वर्गातल्या सगळ्यांनी हसत हसत आपापली छोटी नावं ठरवून टाकली. हे बेटच तसं आहे. डोंगर नाही, शेती नाही, पिण्याचं पाणीसुद्धा काही शेजाऱ्याकडून यायचं. मग पाहुण्याला काय विकायचं? तर त्याला जे सोयीचं, ते. मला तेव्हा या गोष्टीचं फार कौतुक वाटलं होतं. नंतर मला स्वतःची समजूत घालायची वेळ आली, तेव्हा हे शिक्षकच मी पुढे केले.

धंद्याची कल्पना माझी होती. जुरोंग ईस्टच्या एका काँडोत राहणारी माझी मैत्रीण पुण्याहून ज्येष्ठ नागरिकांचे ग्रुप आणायची. हे लोक इतक्या लांब येतात ते वेगळं काही बघायला, आणि दुसऱ्या दिवसापासून पोळी कुठे मिळेल म्हणून हैराण होतात. मी तिला म्हटलं, गाइडही मराठी ठेवू आणि एक वेळचं जेवणही मराठी देऊ. फिरवीन मी, रांधीनही मीच. इथे घरच्या स्वयंपाकघरातून छोटा धंदा करायला परवानगी आहे. तिला कल्पना एकदम पसंत पडली.

पहिल्या ग्रुपच्या वेळी बसमध्ये माइक हातात घेऊन मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, ळ नीट ठणठणीत म्हणून. तेव्हा त्यात सांगण्या-न सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. बारा वर्षं या देशात राहून माणूस शेफारतो. दुपारी डबे उघडले. मसालेभात, मटकीची उसळ, पोळ्या, शिरा. पहाटे चारपासून खपले होते. पुढच्या सीटवरच्या काकूंनी डबा तसाच बंद केला आणि म्हणाल्या, "मला आज उपास आहे." मग त्यांच्या शेजारच्यांनाही होता. मागच्या चौघांना होता. कुणाचं पोट बरं नव्हतं. एका बसमधल्या वीस माणसांना, वार कुठला, तिथी कुठली, काही न बघता एकाच दुपारी उपास लागला. चौघं-पाच जण जेवले, देव त्यांचं भलं करो. बाकीच्यांनी संध्याकाळी हॉटेलच्या बुफेवर उपास सोडला, तोही पावभाजीने.

उरलेला शिरा आम्ही तीन दिवस खाल्ला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. "अगं, मनाला लावून घेऊ नकोस हं. माझं काही नाही, तुला माहितीय. पण लोकांचं बघावं लागतं." आणि मग म्हणाली, "पुढच्या वेळी नुसतं 'ताई' म्हण ना. आडनाव कशाला पाहिजे?"

हे वाक्य फार सभ्य आहे. आडनाव कशाला पाहिजे, असं ज्यांना पाहिजे असतं तेच म्हणतात. मी फोनवर तिला तसं सुनावलं नाही. "बरं," म्हणाले.

पण नुसतं ताई म्हणून भागेना, कारण गळ्यात बॅज. दुसऱ्या ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. बसमध्ये चढल्या चढल्या त्यांनी चष्मा वर सरकवला, माझ्या छातीवर वाकल्या आणि आडनाव मोठ्याने वाचलं. ल म्हणून. मग चेहरा उजळला. "अगं बाई! म्हणजे आपल्यातलीच की तू!"

मी "हो" म्हणाले.

कितीही वेळा मनात ती घटना उलटीपालटी केली तरी यापेक्षा बरं काही सापडत नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळही होता, कारण त्या माझा हात धरून चांगल्या मिनिटभर उभ्या होत्या. मला तो फस्त न झालेला शिरा आठवला, आणि मी हो म्हणाले. त्या दुपारी डबे चाटूनपुसून साफ झाले. "हाताला चव आहे हो हिच्या," बाई सगळ्यांना सांगत होत्या. "शेवटी घरचे संस्कार." उसळ तीच, मसाला तोच, माझ्या आईने शिकवलेला. माझी आई त्या मसाल्यासकट त्यांच्या दारात गेली असती तर तिला पाणी कसं मिळालं असतं, हे मला माहीत होतं. तरी कौतुक ऐकून बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

धंदा वाढला. बाईंनी पुण्यात जाऊन माझं नाव केलं, म्हणजे त्यांना वाटलेलं नाव. ग्रुपमागून ग्रुप येऊ लागले. चायनाटाऊनमध्ये ते बुद्धाच्या छोट्या मूर्ती घ्यायचे, शोकेससाठी, आणि मला विचारायचे, "ताई, यातली चांगली कुठली गं? तुला काय कळणार म्हणा, पण सांग." मी एखादी उचलून द्यायचे. घरी आमच्या दिवाणखान्यात त्याहून मोठी मूर्ती आहे, रोज सकाळी तिच्यापुढे मी मेणबत्ती लावते. दुकानात मात्र भाव विचारून द्यायचा आणि पुढे चालायचं.

इथपर्यंत मी स्वतःला सांगू शकत होते की मी खोटं बोलले नाही, त्यांनी वाचलं. मग मैत्रिणीने मराठीत पत्रक छापायचं ठरवलं. मराठीत म्हणजे देवनागरीत. देवनागरीत लपायला जागा नाही. तिने मला प्रूफ पाठवलं. "चुका बघून दे," असं लिहिलं होतं. वर माझा फोटो, खाली 'घरच्या चवीचं सिंगापूर', त्याखाली माझं नाव, आणि आडनावात ल.

मी त्या पत्रकातल्या चार चुका सुधारल्या. 'पर्यटन'मधला र्‍य, एक राहिलेला अनुस्वार, दोन ऱ्हस्वदीर्घ. ल तसाच ठेवला आणि "बाकी ठीक आहे" असं उत्तर पाठवलं. मैत्रिणीलाही कळलं असणार. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. नवऱ्याने छापलेलं पत्रक हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "छपाईची चूक ना?" मी हो म्हणाले. तो भांडणारा माणूस नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर सहा महिन्यांनी सासरे, आमचे बाबा, आले, दोन महिन्यांसाठी. सासूबाई गेल्यापासून ते विदर्भातल्या तालुक्याच्या गावी एकटेच राहतात. आयुष्यभर पोस्टात होते, टपाल लावायचं काम. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी लोकांनी पोरांच्या भल्यासाठी आडनावं बदलली होती. प्रतिज्ञापत्र करायचं, गॅझेटमध्ये छापून आणायचं, गावाच्या नावापुढे 'कर' लावायचं, झालं. माझ्या नवऱ्याला इंजिनिअरिंगला घालताना त्यांनाही सगळ्यांनी तोच सल्ला दिला. ते म्हणाले होते, "मी रोज पोतंभर आडनावं उचलतो. माझंच मला काय जड होतंय?" ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की लग्नाआधीच मला ती पाठ होती. खरं सांगायचं तर या माणसाचं आडनाव लावायला मिळणार, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पत्रकाचे गठ्ठे मी कपाटात वर ठेवले होते. पण एक फ्रिजवर चिकटवलेलं राहून गेलं, मुलीने लावलेलं, आईचा फोटो आला म्हणून. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पाणी घ्यायला उठले आणि तिथेच थबकले. पोस्टातली नजर. चष्मासुद्धा लागला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "हे पत्र आपल्याकडे पोचलं नसतं."

"छपाईची चूक आहे बाबा."

"असं होय." ते पाणी प्यायले, पेला विसळून त्यांनी पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन बसले.

पुढचे दोन आठवडे त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त ऐकत होते. घर ते केवढं, फोनवर मी काय बोलते ते सगळं ऐकू जायचं. "हो, हो, कोकणातलेच," असंही मी एकदा बोलले. ते टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज बंद होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग बँकेतल्या बाई पुन्हा आल्या, या वेळी आपल्या बहिणींना आणि मेव्हण्यांना घेऊन, खास माझ्यासाठी. त्यांना मी पुलाव उबिनला न्यायचं ठरवलं. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते, बारा माणसं जमली की निघते, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या छोट्या बेटावर सोडते. तिथे सिंगापूरने आपलं जुनं खेडं जपून ठेवलंय, चार पत्र्याची घरं, सायकली, आणि पिशव्या पळवणारी रानडुकरं. ग्रुप अकरा जणांचा आणि मी बारावी. आदल्या दिवशी एकाची तब्येत बिघडली, तो हॉटेलवरच राहणार होता. होडीत एक जागा रिकामी. बाबा आदल्या आठवड्यापासून म्हणत होते, इथे खेडं आहे म्हणतेस, दाखव तरी. नाही कसं म्हणणार? म्हणजे म्हणता आलं असतं. रात्री मी नवऱ्यापाशी तसा विषयही काढला होता, की बाबांना नंतर कधीतरी नेऊ. तो म्हणाला, "का?" आणि मी दिवा मालवला. ते बाबांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार होऊन बसले होते. होडीत बाईंच्या शेजारीच त्यांना जागा मिळाली. वाऱ्यामुळे कुणाला काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तिथे निभावलं. मी काठाला घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच गोष्ट चालली होती, की आता संपलं. हा माणूस खोटं बोलणार नाही. बाई विचारणार, ते सांगणार, ळ म्हणून, आणि डबे पुन्हा बंद होणार. एकदा डबे बंद झाले की ती बातमी पुण्याला आमच्या आधी पोचणार. दोन वर्षांची मेहनत होती ती. आणि त्या बाईंसमोर मी आता कोण ठरणार होते? पहिल्या ग्रुपच्या वेळी निदान मी खोटारडी तरी नव्हते.

बेटावर तास-दोन तास हिंडून झाल्यावर आम्ही एका शेडमध्ये जेवायला बसलो. मी डबे वाटत होते. बाईंनी बाबांना विचारलं, "तुम्ही हिचे सासरे ना? मघाशी नीट बोलणंच झालं नाही. मूळचे कुठले तुम्ही?"

माझ्या हातात उसळीचा डबा होता. तो मी खाली ठेवला.

बाबांनी हात जोडले आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. आडनाव त्यांनी ल म्हणून उच्चारलं. अडखळले नाहीत, घाई केली नाही. "मूळचे कोकणातले," ते म्हणाले, "पण पिढ्या विदर्भातच गेल्या. आता तिकडचं कुणी राहिलं नाही."

"तरीच!" बाई म्हणाल्या. "आमची एक आत्या तुमच्यातच दिली होती." मग त्या आत्याच्या सासरच्या लोकांबद्दल बोलत राहिल्या आणि बाबा ऐकत राहिले, मधूनमधून मान हलवत. सगळ्यांनी पोटभर जेवण केलं. बाबांनी एक पोळी खाल्ली. परतताना बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना होडीत चढवलं, अगदी आपुलकीने. त्यांची आपुलकी खरी होती, हेच तर मला अजून पचत नाही. ती फक्त पत्ता चुकून आमच्याकडे आली होती.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुलगी शाळेतून येऊन टेबलाशी अभ्यास करत होती. बारा वर्षांची आहे, इथेच जन्मली, मराठी समजतं पण उत्तरं इंग्रजीत. तिला ळ येत नाही. शाळेत हजेरी घेताना आमचं आडनाव ल म्हणूनच घेतात, तीही ल म्हणूनच सांगते. मी किती वर्षं तिला सुधारत होते. पत्रक छापल्यापासून सुधारायचं सोडलं होतं.

बाबा खुर्चीत बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. मुलीने वही बाजूला केली.

"आजोबा, हाऊ? यू सेड इट करेक्टली ऑर नॉट?"

"काय म्हणाली ही?" मी विचारलं.

"ममा, आजोबा प्रॅक्टिस होल वीक, लाह. एव्हरी डे आफ्टर स्कूल. ही आस्क मी हाऊ टू से अवर नेम. व्हेरी फनी, ही कीप सेइंग ते दुसरं वालं, लाइक..." आणि तिने तोंड वेडंवाकडं करून ळ म्हणायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि हसली.

बाबांनी दुसरा बूट काढला. दोन्ही बूट जोडीने सरळ लावले. मग माझ्याकडे बघितलं. परीक्षेहून आलेल्या मुलासारखा चेहरा होता त्यांचा, मी तो आधी कधीच बघितला नव्हता.

"बरोबर म्हटलं ना मी?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," मी म्हणाले. "बरोबर म्हटलंत."

"सी?" मुलगी त्यांना म्हणाली. "सो ईझी."

मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि मैत्रिणीला फोन लावला. पत्रकात माझ्या आडनावात ल पडलाय तिथे ळ कर, आणि पुढच्या सगळ्या ग्रुपना तेच पत्रक जाऊ दे, असं तिला सांगितलं. माझा आवाज चढला होता.

"आता कशाला गं?" ती म्हणाली. "सगळं छान चाललंय की."